नव्व्याण्णव डॉलरांची फुंकर

अमेरिकेत आलेल्या आपल्या मंडळींचा एक ठरलेला मार्ग असतो. आधी अपार्टमेंट, मग लग्न, मग ग्रीन कार्डाची रांग, आणि त्या रांगेत उभं असतानाच कधीतरी चांगल्या शाळेच्या हद्दीतलं एक जुनं घर. न्यू जर्सीत एडिसन, पिस्कॅटवे, पार्सिपनीच्या बाजूला चक्कर मारा. पन्नास ते सत्तरच्या दशकांत बांधलेली केप कॉड, स्प्लिट लेव्हल, बाय-लेव्हल घरं ओळीने उभी आहेत. लाकूड दणकट, शाळा उत्तम, बेसमेंटला किंचित कुबट वास. क्लोजिंग झालं की महिन्याभरात पोस्टाच्या पेटीत रंगीत कुपनांचं जाडजूड पाकीट येतं. त्यात एक कुपन हमखास असतं: 'संपूर्ण घराचं एअर डक्ट क्लीनिंग, फक्त ९९ डॉलर!'

माझं म्हणणं सरळ आहे. हे कुपन फाडून टाका. आणि नुसतं ९९ डॉलरवालंच नाही, "जुनं घर घेतलंय ना, मग करूनच घ्या" असं म्हणून काहीही न तपासता गळ्यात मारलं जाणारं पाचशे डॉलरवालंसुद्धा. जुन्या घरातल्या हवेचे प्रश्न अगदी खरे आहेत. पण ते बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी असतात, आणि ही मंडळी तुमचे पैसे आणि तुमचं लक्ष दोन्ही तिथून उचलून धुळीवर नेऊन ठेवतात. माझा राग त्यावर आहे.

ज्यांनी अजून असं घर घेतलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथल्या बहुतेक घरांत थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार हवा एकाच यंत्रणेतून फिरते. बेसमेंटमध्ये फर्नेस, त्याच्या पोटात पंखा म्हणजे ब्लोअर. तिथून पत्र्याच्या नळ्या भिंतींतून प्रत्येक खोलीत जातात, तो सप्लाय. खोल्यांतली हवा दुसऱ्या वाटेने परत फर्नेसकडे येते, तो रिटर्न. रिटर्नच्या तोंडाशी, ब्लोअरच्या आधी, एक फिल्टर. संपलं. डक्ट म्हणजे या हवेच्या वाटा.

आता ९९ डॉलरचा हिशोब करू. काम नीट करायचं म्हणजे काय? एक भलामोठा व्हॅक्यूम मुख्य नळीला जोडायचा आणि आतली हवा सतत बाहेर ओढत ठेवायची. मग ब्रश आणि हवेचे झोत सोडून प्रत्येक फाटा खरवडायचा. जिथे हात पोचत नाही तिथे पत्र्याला भोक पाडून नंतर ते नीट बंद करायचं. ब्लोअर, एसीचं कॉइल, त्याखालची पाण्याची थाळी, सगळं उघडून साफ करायचं. कारण यातला एक भाग जरी घाण राहिला तरी पहिल्या दिवसापासून तीच घाण पुन्हा फिरणार. हे काही तासांचं, किमान दोन माणसांचं आणि महागड्या यंत्रांचं काम आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, या विषयावर १९९७ साली एक पुस्तिका काढली. त्यात एका यंत्रणेचा खर्च साधारण ४५० ते १००० डॉलर दिलेला आहे. मग जो माणूस ९९ मध्ये ट्रक, पेट्रोल, इन्शुरन्स आणि दोन माणसं घेऊन दारात येतो, तो ९९ डॉलर कमवायला आलेला नाही. तो तुमच्या घरात शिरायला आलेला आहे.

शिरल्यावर काय होतं ते माझ्या एका मित्राच्या घरी झालं. घर १९६२ सालचं, मुलगी तीन वर्षांची, थंडीत सारखी खोकणारी. दोन तरुण आले. दुकानात मिळतो तसला व्हॅक्यूम चार जाळ्यांना लावला आणि पाऊण तासाने एकाने फोनवर फोटो दाखवला: पत्र्यावर काळे डाग. "सर, ब्लॅक मोल्ड. घरात लहान मूल आहे ना?" शेवटी बिल झालं ७८० डॉलर. त्यात 'सॅनिटायझिंग' नावाचा सुगंधी धूर होता आणि एक अतिनील दिवा होता. तो फोटो याच घरातला होता की नाही हे आजतागायत कुणाला माहीत नाही. मुलीचा खोकला मात्र होता तिथेच राहिला.

या गोष्टीत नवं काही नाही. धंद्याची पद्धतच ही आहे. खुद्द डक्ट साफ करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना, १९८९ साली स्थापन झालेली नाडका, ग्राहकांना अशा 'संपूर्ण घर इतक्यात' छाप जाहिरातींपासून सावध करते. या फुंकर मारून पसार होणाऱ्यांमुळे त्यांच्यातल्या प्रामाणिक लोकांचाच धंदा बदनाम होतो. कॅनडात तर परवानगीशिवाय फोन करकरून लोकांना हैराण केल्याबद्दल तिथल्या दूरसंचार नियामकाने २०१० च्या दशकात डक्ट क्लीनिंगवाल्यांना दंड ठोठावले. मला स्वतःला आलेल्या फोनांमधला आवाज बरेचदा आपल्याच उपखंडातला असतो. आपला उच्चार ओळखून "भाईसाब" म्हणतो. त्या आपलेपणावर जाऊ नका.

बरं, चोर सोडून देऊ. समजा माणूस प्रामाणिक आहे, यंत्र चांगलं आहे, काम चोख करतो. मग फायदा होतो का?

ईपीएची पुस्तिका सांगते की डक्ट साफ केल्याने आरोग्याचे प्रश्न टळतात असं कधीही सिद्ध झालेलं नाही. डक्ट घाण असल्यामुळे घरातल्या हवेतले कण वाढतात, असंही अभ्यासांतून ठामपणे दिसत नाही. कारण अगदी साधं आहे. डक्टमधली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसलेली असते. वर्षानुवर्षं ब्लोअरचा वारा अंगावर घेऊनही जी उठली नाही, ती आज अचानक उठून तुमच्या नाकात का जाईल? कॅनडाच्या सरकारी गृहनिर्माण संस्थेने, सीएमएचसीने, प्रत्यक्ष घरांत मोजमाप केलं. साफसफाईनंतर हवेतल्या कणांत किंवा डक्टमधल्या वाऱ्याच्या वेगात जवळजवळ काहीच फरक दिसला नाही.

"अहो पण जाळीवर केवढी धूळ असते!" हे वाक्य मी किमान दहा पॉटलक्सना ऐकलंय. रिटर्नच्या जाळीवर धूळ असणारच. घरभरची हवा त्या जाळीतून ओढली जाते, मग खोलीतली धूळ तिथे अडकणार नाही तर कुठे? ती धूळ खोलीची आहे. तिच्यावरून आतल्या नळीबद्दल काहीच कळत नाही. स्क्रू काढा, जाळी बेसिनमध्ये धुवा, परत लावा. खर्च शून्य.

"पण त्यांनी पिशवीभर कचरा काढून दाखवला!" काढतीलच. साठ वर्षं जुन्या घराच्या नळीत साठ वर्षांपूर्वीच्या सुताराचा भुसा असतो, खिळे असतात, कुणाच्या तरी लहानपणीची गोटी असते. कचरा निघाला हे खरं. तो कचरा तुम्हाला त्रास देत होता का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तो कुणीच विचारत नाही. ऑफिसात कुणी सांगितलं की "सर्व्हर स्लो आहे, म्हणून मी जुन्या फाइल्स डिलीट केल्या, बघा किती निघाल्या", तर आपण त्याला पहिला प्रश्न विचारू की बाबा रे, स्लो का होता ते बघितलंस का? मोजलंस का, आधी किती होतं आणि नंतर किती झालं? दिवसभर लॉग वाचून पोट भरणारी माणसं आपण. घरी आलो की मोजमाप, कारण, पुरावा सगळं बुटांबरोबर दारातच काढून ठेवतो :-)

यामागे भीती असते, आणि ती मला कळते. मूल रात्री खोकत असतं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले असतात आणि बाबांना शिंका थांबत नसतात. घर जुनं, आधीच्या मालकाचा कुत्रा होता म्हणतात. आपल्या शहरातल्या आपल्या घरी आपल्याला निदान माहीत असतं की ओल कुठल्या भिंतीला येते. इथे सगळं भिंतीच्या आत, पत्र्याच्या आत, न दिसणारं. अशा वेळी कुणी येऊन म्हणतं, "मी आतलं सगळं साफ करून देतो." कुठला बाप नाही म्हणेल? म्हणूनच हा धंदा चालतो. तिथे साफसफाईबरोबर 'आपण मुलासाठी काहीतरी केलं' हे समाधानही विकलं जातं. समाधान मिळालं की पुढचा शोध थांबतो, आणि नुकसान खरं तिथे होतं.

कारण शोध चालू ठेवला असता तर जुन्या घरात काय सापडलं असतं बघा.

पहिली गोष्ट, गळती. एनर्जी स्टार या सरकारी कार्यक्रमाच्या माहितीप्रमाणे साधारण घरात डक्टमधून फिरणाऱ्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा फटींतून, भोकांतून आणि सैल जोडांतून वाया जाते. जुन्या घरांत आणखी एक भानगड असते. त्या काळी रिटर्नसाठी बरेचदा पूर्ण नळी घालतच नसत. बेसमेंटच्या छताला ज्या लाकडी तुळया असतात, त्यातल्या दोन तुळयांमधली पोकळी खालून पत्रा ठोकून बंद करायची, झाला रिटर्न! भिंतीतली पोकळीही तशीच वापरायची. पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये फटीच फटी. आता विचार करा, रिटर्न म्हणजे ओढणारी बाजू. ब्लोअर चालू झाला की त्या फटींतून कुठली हवा ओढली जाते? बेसमेंटची. तोच कुबट वास, तीच ओल, रंगाच्या डब्यांची वाफ, सगळं थेट मुलाच्या खोलीत. ही पोकळी तुम्ही दरवर्षी ब्रशने चकाचक करा, फटी तशाच राहिल्या तर बेसमेंट वर येतच राहणार.

आणि बेसमेंटमधून फक्त वास येत नाही. जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू झिरपतो. त्याला रंग नाही, वास नाही. ईपीएच्या अंदाजाने अमेरिकेत दरवर्षी सुमारे २१,००० माणसं रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरने दगावतात. धूम्रपानानंतर या कॅन्सरचं ते दुसरं मोठं कारण. रिटर्न गळका असेल तर बेसमेंटमधला दाब कमी होतो आणि जमिनीतून आणखी वायू ओढला जाऊ शकतो. त्याच कमी दाबामुळे जुन्या पद्धतीच्या गॅस वॉटर हीटरचा धूर चिमणीतून वर जाण्याऐवजी उलटा घरात येऊ शकतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. हे धोके खरोखर जीव घेणारे आहेत. डक्टवाल्याच्या कुपनावर यातलं एकही नाव नसतं, कारण यातलं काहीच व्हॅक्यूमने निघत नाही.

दुसरी गोष्ट, जुन्या घरात ही साफसफाई उलटही पडू शकते. साधारण १९८० च्या आधीच्या घरांत डक्टच्या जोडांवर पांढरी, कागदासारखी पट्टी दिसते. त्यात ॲसबेस्टॉस असण्याची शक्यता असते. ते जागच्या जागी शाबूत असेल तर सहसा त्रास देत नाही. त्यावर कुणी ब्रश चालवला, भोकं पाडली, पट्टी फाडली, की त्याचे तंतू हवेत. काही नळ्यांना आतून फायबरग्लासचं अस्तर असतं. ते खरवडलं की फाटतं, आणि ते एकदा भिजून बुरशी धरून बसलं तर साफ करून भागत नाही, काढून बदलावंच लागतं. शिवाय तो 'सॅनिटायझिंग'चा धूर. धूळ खाणाऱ्या आपल्या बाळाला आपण आता रसायन खायला घालतोय, तेही काळा डाग बुरशीच आहे याची प्रयोगशाळेतून खात्री न करता. कुणी म्हणालं की "आम्ही ईपीए सर्टिफाइड आहोत", तर त्याला तिथूनच नमस्कार करा. ईपीए कुठल्याही डक्ट क्लीनिंग कंपनीला असं प्रमाणपत्र देत नाही.

तिसरी गोष्ट, आपण स्वतः. हे जरा लागेल, पण आपल्या घरातल्या हवेत बारीक कण सोडणारी मोठी यंत्रणा म्हणजे आपलं स्वयंपाकघर. लाल मिरचीची फोडणी, तव्यावर थेट गॅसवर फुगवलेले फुलके, वर सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. जुन्या घरांत शेगडीवरचा हुड बरेचदा धूर बाहेर टाकतच नाही. एका जाळीतून फिरवून तोच धूर परत आपल्या तोंडावर सोडतो. फोडणी सोडा असं मी मेलो तरी म्हणणार नाही. हुड बाहेर काढा असं म्हणतोय.

मग डक्ट कधीच साफ करू नये का? करावेत ना. ईपीएनेच तीन परिस्थिती सांगितल्या आहेत. पत्र्याच्या नळीत किंवा यंत्रणेच्या इतर भागांवर डोळ्यांना दिसेल इतकी बुरशी असेल तर. उंदीर-किड्यांनी आत वस्ती केली असेल तर. किंवा नळ्या धुळीने, कचऱ्याने इतक्या तुंबल्या असतील की कण खरंच खोलीत येताना दिसतायत, तर. रिनोव्हेशनमध्ये कुणी जाळ्या न झाकता भिंती घासल्या असतील, तर तो प्रकार या तिसऱ्यात मोडतो. तेव्हा नाडकाच्या मानकांप्रमाणे काम करणारा माणूस शोधा, त्याला योग्य पैसे द्या, पूर्ण यंत्रणा साफ करून घ्या आणि सुरुवातीला व शेवटी स्वतः आत डोकावून बघा. मात्र तेव्हाही बुरशी कुठल्या पाण्यावर वाढली आणि उंदीर कुठल्या भोकातून आले ते आधी बंद करायला हवं. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच माणसाला तितकेच पैसे.

आता समजा तुमच्याकडे हेच पाचशे-सातशे डॉलर आहेत आणि १९६० च्या आसपासचं घर आहे. मी ते या क्रमाने खर्च करीन:

१. रेडॉन टेस्ट किट. अगदी स्वस्त असतं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आकडा लिटरला ४ पिकोक्युरी किंवा वर आला तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते निस्तरा.

२. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, आणि फर्नेस-वॉटर हीटरची वर्षातून एकदा लायसन्स असलेल्या तंत्रज्ञाकडून तपासणी.

३. चांगला फिल्टर, वेळेवर बदललेला. स्वस्तातला निळा-हिरवा जाळीदार फिल्टर फार तर पंख्याचं रक्षण करतो. तुमचा ब्लोअर झेपवू शकत असेल तर मर्व्ह १३ पर्यंत जा. जून २०२३ मध्ये क्यूबेकच्या वणव्यांचा धूर न्यू यॉर्क-न्यू जर्सीवर उतरला आणि आकाश नारिंगी झालं, तेव्हा घरातली हवा वाचवायला उपयोगी पडले ते असेच फिल्टर. जुना ब्लोअर दमणार असेल तर बेडरूममध्ये वेगळा एअर प्युरिफायर ठेवा.

४. बेसमेंटमध्ये दिसणाऱ्या जोडांना मॅस्टिक लावा. मॅस्टिक म्हणजे ब्रशने लावायची जाड लुकण. पांढरी जुनी पट्टी दिसली तर मात्र हात लावू नका, आधी तपासून घ्या. आणि गंमत ऐका: ज्याला जग डक्ट टेप म्हणतं तो डक्टवर टिकत नाही! लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत शर्मन आणि वॉकर या दोघांनी १९९८ साली वेगवेगळे टेप आणि लुकणं तापवून पाहिली, त्यात कापडी डक्ट टेपच नापास झाला.

५. डिह्युमिडिफायर. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांत राहिली की बुरशी आणि गादीतले धुळीचे किडे दोघांचंही अवघड होतं. मुलाच्या उशी-गादीला माइट्स रोखणारी खोळ घाला. खोकला थांबत नसेल तर डॉक्टरकडून ॲलर्जीची टेस्ट करून घ्या, म्हणजे नक्की कशाशी लढतोय ते तरी कळेल.

६. आणि एक डक्ट मात्र खरंच साफ करा: कपड्यांच्या ड्रायरचा. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या आकडेवारीत घरगुती ड्रायरमुळे दरवर्षी साधारण २,९०० आगी लागल्याची नोंद आहे, आणि सर्वांत मोठं कारण 'साफ न करणं'. म्हणजे ज्या नळीने घर पेटू शकतं तिच्याकडे कुणी बघत नाही, आणि जिच्यात गोटी पडलीये तिच्यासाठी ट्रक बोलावतो!

हे सगळं करूनही बाबांना शिंका येतील कदाचित. ऑक्टोबरात येतात, नवीन हवामान, कार्पेट, कोरडी गरम हवा. पण निदान ते ज्या खोलीत झोपतायत तिथे बेसमेंटची हवा येत नाही आणि अलार्म चालू आहे, हे तुम्हाला माहीत असेल. जुन्या घराची काळजी घेणं म्हणजे असं एकेक कारण शोधून बंद करत जाणं. कंटाळवाणं काम आहे, पार्टीत सांगायला फोटोही मिळत नाहीत.

असो. फोन पुन्हा येणारच. "भाईसाब, इस हफ्ते आपके एरिया में ऑफर है." तेव्हा भांडू नका, फक्त विचारा: माझ्या घरात नक्की काय बिघडलंय, आणि तुम्ही गेल्यावर ते सुधारलं हे मोजून कसं दाखवाल? बहुतेक वेळा समोरचा फोन ठेवून देतो.